रक्ताचा सामू ताटावर ठरत नाही

सध्या सांगितलं जातं ते असं. आपलं रक्त मुळात अल्कधर्मी असतं. डाळी, भात, पोळी, दूध, अंडी, मासे खाऊन आपण ते रोज आम्ल करत जातो. संधिवात, थायरॉइड, मधुमेह, केसगळती, थकवा आणि शेवटी कर्करोग, या सगळ्यांचं मूळ हे ‘आम्ल झालेलं शरीर’. आम्ल मारण्यासाठी शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून म्हातारपणी हाडं मोडतात. यावर उपाय म्हणजे ताटाचा मोठा भाग ‘अल्कलाइन’ करायचा, सकाळी अनशापोटी लिंबूपाणी घ्यायचं, पालेभाज्यांचा रस प्यायचा, ऐपत असेल तर अल्कलाइन पाण्याचं यंत्र घ्यायचं आणि रोज लघवीत कागदाची पट्टी बुडवून आपली प्रगती बघायची.

आहार-शिबिरांत, सोसायटीच्या हॉलमधल्या व्याख्यानांत, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या खुर्चीवरून हे आता इतक्या खात्रीने सांगितलं जातं, की कुणी ‘हे कशावरून?’ असं विचारलं तर विचारणाराच अडाणी ठरतो. सांगणारी माणसं शिकलेली असतात. निळा लिटमस आम्लात तांबडा होतो हे शाळेत त्यांनी स्वतःच्या हाताने करून पाहिलेलं असतं. म्हणूनच याचा जास्त राग येतो. शरीरशास्त्रातला एक खरा आकडा घ्यायचा, त्याला चुकीच्या जागी टांगायचं आणि त्याच्या जोरावर घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या ताटातून डाळ, दूध आणि अंडं उचलून न्यायचं, हे निरुपद्रवी खूळ नाही.

तो खरा आकडा म्हणजे रक्ताचा सामू (पीएच), ७.३५ ते ७.४५. व्याख्यानात तो बरोबर सांगितला जातो. पण पट्टा इतका अरुंद असताना तो राखतं कोण, हा पुढचा प्रश्न तिथे येतच नाही. सामू ६.८च्या खाली किंवा ७.८च्या वर गेला तर माणूस सहसा वाचत नाही. इतकी जिवावरची गोष्ट शरीराने आपल्या जेवणावर सोपवली असेल का? गटारीला मटण खाऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळणारी घरं महाराष्ट्रात लाखोंनी आहेत. त्यांच्या रक्ताचा सामू अमावास्येला एक आणि प्रतिपदेला दुसरा असतो का? नसतो. कोणत्याही प्रयोगशाळेत जाऊन खात्री करून घ्या.

तो हलत नाही, कारण त्याच्यावर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं अखंड काम करत असतात. पेशी अन्न जाळतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पाण्यात मिसळून त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. दिवसाकाठी हे सुमारे १५,००० मिलिमोल भरतं आणि ते सगळं आपण श्वासावाटे टाकून देतो. प्रथिनांतल्या गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल बनतं, ते श्वासातून जात नाही. असं सगळं न उडणारं आम्ल धरलं तरी ते वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण एक मिलिमोल, म्हणजे साठ किलोच्या माणसात साठच्या आसपास. आहाराबद्दलची सगळी भीती या साठांवर उभी आहे. ते काढून टाकायला मूत्रपिंडं आहेत. ती रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं चार हजारांहून जास्त मिलिमोल बायकार्बोनेट जवळजवळ सगळं रक्तात परत आणतात आणि आम्ल बाहेर टाकताना जितकं खर्च झालं तितकं नवंही बनवतात. हेंडरसनने १९०८ मध्ये कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांचा हिशेब मांडला, हॅसेलबाल्कने पुढच्या दशकात त्याला आज वापरतो ते रूप दिलं. शंभर वर्षांहून जुनं आणि रोज प्रत्येक आयसीयूत वापरलं जाणारं हे ज्ञान ‘डॉक्टर तुम्हाला सांगत नाहीत’ या गटातलं खासच नाही.

आणि रक्त जास्त अल्कधर्मी झालं तर माणसाला बरं वाटतं, हे कुणी ठरवलं? घाबरून भराभर श्वास घेणारा माणूस पाहा. कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर पडतो आणि काही मिनिटांत रक्ताचा सामू खरोखरच वर चढतो. मग ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, बोटं आखडून पंजा वाकडा होतो. ज्या अवस्थेची स्वप्नं दाखवली जातात ती प्रत्यक्षात ही अशी असते, आणि नातेवाईक अशा माणसाला धावत दवाखान्यात नेतात.

आता ती लघवीची पट्टी. लघवीचा सामू ४.५ पासून ८ पर्यंत कुठेही असू शकतो, कारण रक्ताचा स्थिर ठेवण्यासाठी जे टाकायचं ते तिथेच टाकलं जातं. पट्टीने आम्ल दाखवलं तर त्याचा अर्थ आम्ल रक्तात साठलं असा नाही, ते रक्तातून गेलं असा आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने हे एकोणिसाव्या शतकात सशांवर पाहिलं होतं. बाजारातून आणलेल्या सशांची लघवी गढूळ आणि अल्कधर्मी असायला हवी होती, ती स्वच्छ आणि आम्ल निघाली. ससे उपाशी असतील आणि स्वतःच्याच मांसावर जगत असतील, असा त्याने तर्क केला. गवत घातलं तशी लघवी पुन्हा अल्कधर्मी झाली, शिजवलेलं गोमांस घातलं तशी आम्ल. १८६५च्या आपल्या ग्रंथात त्याने हे नोंदवलं. आहाराने लघवी बदलते, हे म्हणजे तेव्हापासून माहीत आहे. त्यातून रक्त बदलतं हा निष्कर्ष मात्र बर्नारने काढला नव्हता, तो विक्रेत्यांनी काढला. शिवाय प्रोटियससारख्या जिवाणूंचा मूत्रमार्गात संसर्ग झाला तर ते युरियाचा अमोनिया करतात आणि लघवी चांगलीच अल्कधर्मी होते. पट्टीचा रंग बघून आनंदणाऱ्या बाईला जळजळ आणि ताप असेल, तर तो रंग प्रगतीचा की संसर्गाचा? पट्टीला ते सांगता येत नाही.

मग ‘आम्ल’ आणि ‘अल्कलाइन’ पदार्थांच्या याद्या येतात कुठून? त्यांना एक खरा आधार आहे आणि तो मी लपवणार नाही. जर्मनीतल्या डॉर्टमुंडमध्ये रेमर आणि मान्झ यांनी १९९५ मध्ये शंभर ग्रॅम पदार्थामागे मूत्रपिंडांवर किती आम्लाचा भार पडतो, याचा तक्ता मांडला. लिंबू चवीला आंबट असूनही त्यातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं, हे त्याच हिशेबातलं. पण तो तक्ता एकदा पूर्ण वाचा. डाळीपुढे अधिक साडेतीन आहे, म्हणजे आम्ल. रेड वाइनपुढे उणे २.४, म्हणजे अल्कधर्मी. अख्ख्या गव्हाचं पीठ ८.२, मैदा ६.९. ब्राउन राइस १२.५, पांढरा तांदूळ ४.६. शेंगदाणे ८.३. कोला फक्त ०.४ आणि पांढरी साखर उणे ०.१.

या आकड्यांना आरोग्याचा निकष मानायचं असेल तर कणकेपेक्षा मैदा बरा, हातसडीपेक्षा पॉलिश तांदूळ बरा, शेंगदाण्यापेक्षा साखर बरी आणि वरणापेक्षा वाइन बरी. आहे कुणी शिबिरात हे सांगायला तयार? नाही, कारण तिथे वाचून दाखवली जाणारी यादी आधीच निवडून ठेवलेली असते. पालक आणि काकडी तक्त्यातून घ्यायची, साखर आणि मैद्याचे आकडे गाळायचे, आणि दूध तक्त्यात ०.७ म्हणजे जवळजवळ उदासीन असूनही त्याला आम्लाच्या रकान्यात ढकलायचं. रेमर आणि मान्झ यांनी मूत्रपिंडांचं काम मोजलं होतं. अन्नाची लायकी मोजल्याचा दावा त्यांचा नव्हता.

वरणभातावर तूप घालून लिंबू पिळायची आपली रीत घ्या. यादीप्रमाणे या एका घासात दोन आम्ल आणि एक अल्कलाइन. पण पोटात गेल्यावर होतं काय? जठरात त्याला सामू दीड-दोनचा रस भेटतो. पुढे लहान आतड्याच्या तोंडाशी स्वादुपिंड बायकार्बोनेट सोडून ते सगळं पुन्हा उदासीन करतं. लिंबाचं क जीवनसत्त्व डाळीतलं लोह शोषायला मदत करतं, भात आणि डाळ एकमेकांच्या अमिनो आम्लांची उणीव भरून काढतात. या घासाबद्दल जाणून घेण्यासारखं आहे ते हे.

पाण्याच्या यंत्राबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्याची किंमत लाखांत असते आणि सेवानिवृत्तीचे पैसे त्यात जाताना मी पाहिले आहेत. प्रात्यक्षिक सगळीकडे सारखंच. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर काचेचे ग्लास. एकात आरओचं पाणी, एकात दुकानातली बाटली, एकात कोला, एकात यंत्राचं पाणी. ड्रॉपरने प्रत्येकात सामूप्रमाणे रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन-तीन थेंब. आरओचं पाणी पिवळं पडतं, यंत्राचं गर्द जांभळं होतं. ‘आता तुम्हीच सांगा, तुमच्या नातवंडांना यातलं कुठलं द्याल?’ हॉलमध्ये क्षणभर कुणी बोलत नाही, आणि त्या क्षणात यंत्र विकलं जातं.

आरओच्या पाण्यातले बहुतेक क्षार निघून गेलेले असतात. हवेतला थोडासा कार्बन डायऑक्साइड विरघळला तरी अशा पाण्याचा सामू खाली घसरतो, रंग पिवळा व्हायला एवढं पुरतं. आता यंत्राचं सामू साडेनऊचं एक ग्लास पाणी, म्हणजे पाव लिटर, घ्या. त्यातला जास्तीचा हायड्रॉक्साइड भरतो सुमारे आठ मायक्रोमोल. सामू दोनच्या जठररसाच्या एका मिलिलिटरमध्ये आम्ल असतं दहा मायक्रोमोल. म्हणजे विरघळलेले इतर क्षार सोडले, तर लाखाच्या यंत्रातलं ग्लासभर पाणी निष्प्रभ करायला जठराला पाव चमचाही रस लागत नाही. जठर असा रस दिवसाला दीड-दोन लिटर तयार करतं. आपल्याकडच्या प्रमाणकानुसार पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा. नळाचं पाणी त्यात बसत असेल तर त्याच्या सामूची चिंता करायचं कारण नाही. चिंता करायची तर त्यातल्या जिवाणूंची करा.

आणि जठरातलं आम्ल हा शत्रू आहे हे तरी कुठून आलं? छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, ‘पित्त झालं’ म्हणून आपण त्रासतो, तेव्हा आम्ल जठरातून वर अन्ननलिकेत आलेलं असतं. तो त्रास खरा आहे आणि त्यावर औषधं आहेत. पण त्याचा रक्ताच्या सामूशी संबंध नाही. उलट जठराच्या पेशी आम्ल जठरात सोडतात तेव्हा रक्तात बायकार्बोनेट सोडतात, म्हणून जेवणानंतर रक्त किंचित अल्कधर्मीच होतं. जठराम्लामुळे अन्नातलं बी-१२ मोकळं होतं, प्रथिनांचं पचन सुरू होतं आणि पाण्यातून आलेले असंख्य जंतू मरतात. ज्यांचं जठराम्ल कमी असतं त्यांना कॉलरा लवकर गाठतो. आपल्यासारख्या देशात हे आम्ल मारायला निघणं शहाणपणाचं आहे का?

हाडांचा मुद्दा मला सर्वांत जास्त सलतो. डाळ आणि दूध आम्ल, आम्ल हाडं खातं, म्हणून साठीच्या बाईने डाळ आणि दूध सोडावं. कॅनडातल्या टॅनिस फेंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे अभ्यास एकत्र करून तपासले आणि २०११ मध्ये लिहिलं की आहारातल्या आम्लभारामुळे हाडं ठिसूळ होतात याला पुरावा मिळत नाही. प्रथिनं वाढवली की लघवीतलं कॅल्शियम वाढतं हे खरं, पण त्याच वेळी आतड्यातून कॅल्शियमचं शोषणही वाढतं. हाडाचा सांगाडा मुळात कोलॅजन या प्रथिनावर उभा असतो. म्हातारपणी स्नायू झडतात, तोल जातो, बाथरूममध्ये पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. ते टाळायला स्नायू लागतात आणि स्नायूंना प्रथिनं लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सुचवली आहेत. दोन वाट्या पातळ वरण आणि भातावर दिवस काढणाऱ्या आपल्या किती आयांना तेवढी मिळतात? त्यातलीही वाटी काढून घेऊन तिथे काकडीचा रस ठेवणाऱ्याला मी आहारतज्ज्ञ म्हणणार नाही.

कर्करोगाबाबत नेहमी ओटो वारबुर्गचं नाव घेतलं जातं. ‘अल्कधर्मी शरीरात कर्करोग जगत नाही हे शोधल्याबद्दल त्याला नोबेल मिळालं.’ हे सरळ खोटं आहे. १९३१चं नोबेल त्याला पेशींच्या श्वसनातल्या विकराच्या शोधाबद्दल मिळालं. गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करतात, हे त्याने १९२०च्या दशकात पाहिलं होतं. म्हणजे गाठीभोवतीचं आम्ल गाठच बनवते, आम्लामुळे गाठ होत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत कर्करोगाच्या पेशी वाढवल्या जातात त्या सामू ७.४च्या आसपासच्या द्रवात. रक्ताचा कर्करोग तर वाढतोच त्या अल्कधर्मी रक्तात. यापुढे वेगळा पुरावा काय द्यायचा? तरी तो शोधला गेला. २०१६ मध्ये फेंटन आणि हुआंग यांनी पाहणी केली, तेव्हा निकषांत बसणारा एकच अभ्यास सापडला, मूत्राशयाच्या कर्करोगाचा, आणि त्यातही आम्लभाराशी संबंध आढळला नाही.

या मताचा सर्वांत मोठा प्रचारक, ‘द पीएच मिरॅकल’ या २००२च्या पुस्तकाचा लेखक रॉबर्ट यंग, कॅलिफोर्नियात आपल्या जागेवर गंभीर आजारी माणसांना शिरेतून सोडा देत असे. २०१६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तो दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला जवळपास चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या सल्ल्यावर विसंबून नेहमीचे उपचार टाळलेल्या एका कर्करुग्ण स्त्रीला २०१८ मध्ये सॅन दिएगोतल्या ज्यूरीने साडेदहा कोटी डॉलर भरपाई देवविली. तोवर तिचा आजार हाताबाहेर गेला होता. आपल्याकडे त्याच पुस्तकातली वाक्यं लेखकाचं नाव गाळून सांगितली जातात.

सोडा पिऊन, खडूची भुकटी खाऊन शरीर अल्कधर्मी करण्याचा प्रयोग वैद्यकाने स्वतः करून पाहिलेला आहे. शिकागोच्या बर्ट्राम सिप्पी यांनी १९१५ मध्ये जठराच्या व्रणावर तासातासाला दूध-साय आणि मधूनमधून अल्कली पावडरी देण्याची पद्धत सुरू केली. काही रुग्णांना मळमळ, डोकेदुखी, भ्रम असा त्रास होऊ लागला, मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. १९२३ मध्ये या विषारी परिणामांची नोंद प्रसिद्ध झाली. आज सकाळी उठून चमचाभर खायचा सोडा पाण्यातून घेणाऱ्याच्या पोटात साडेबाराशे मिलिग्रॅम सोडियम जातं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा दोन हजारांच्या खाली आहे. तोच माणूस रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर ती गोळी कशाशी झगडते आहे?

‘पण भाज्या खाल्ल्या तर तुमचं काय बिघडतं? लोकांना बरं वाटतंय ना?’ बरं वाटतं, कारण वडापाव, फरसाण, बेकरीचे पदार्थ सुटले आणि भाज्या, फळं वाढली. त्याचं श्रेय चोथ्याला, पोटॅशियमला आणि कमी झालेल्या मिठाला आहे. भाज्या खा, भरपूर खा. त्यासाठी रक्ताबद्दल खोटं बोलायची गरज काय?

आणि ज्यांच्या शरीरात खरोखर आम्ल साठतं, त्यांचीच या मतात दाद नाही. जुनाट मूत्रपिंडविकारात आम्ल बाहेर टाकायची ताकद घटते, रक्तातलं बायकार्बोनेट उतरतं आणि तिथे खरंच हाडांची झीज होते, स्नायू झडतात. अशा रुग्णाला डॉक्टर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात, आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात फळं-भाज्या वाढवून आम्लभार कमीही करतात. डॉर्टमुंडच्या तक्त्याची खरी जागा ही. युरिक आम्लाच्या मुतखड्यातही लघवी अल्कधर्मी करणारं औषध दिलं जातं. पण ते मोजून, कारण लघवी फार अल्कधर्मी झाली तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होऊ शकतात. डायलिसिसवरच्या माणसाला मात्र कुणीतरी प्रेमाने शहाळं आणि पालकाचा रस देतं, ‘अल्कलाइन आहे, चांगलं असतं’ म्हणून. त्यातलं पोटॅशियम त्याची मूत्रपिंडं बाहेर टाकू शकत नाहीत. ते रक्तात चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय थांबूही शकतं. लहानपणापासून इन्शुलिनवर असलेल्या मुलाने ‘आहाराने आम्ल जातं’ म्हणून इन्शुलिन थांबवलं, तर रक्तात कीटोन आम्लं साठून काही तासांपासून दिवसाभरात तो बेशुद्ध होऊ शकतो. त्याचं रक्त खरोखर आम्ल झालेलं असतं, आणि त्याला वाचवतं इन्शुलिन, सलाइन आणि मोजून दिलेलं पोटॅशियम. हिरवा रस नाही.

रक्ताचा सामू मोजण्याची चाचणी साधी आहे. मनगटाजवळच्या धमनीतून थोडं रक्त घेतात, काही मिनिटांत सामू, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट यांचे आकडे कागदावर येतात. कुठल्याही बऱ्या रुग्णालयात ती होते. आहाराने रक्त अल्कधर्मी केल्याचा दावा करणाऱ्याने व्याख्यानाच्या टेबलावर जांभळा ग्लास मांडू नये, लघवीची पट्टी दाखवू नये. निरोगी माणसाचा शिबिरापूर्वीचा आणि शिबिरानंतरचा धमनीतल्या रक्ताचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवावा. तो ठेवता येत नसेल, तर आईच्या ताटातलं वरण, दूध आणि उकडलेलं अंडं तिला परत वाढावं आणि यंत्राचे पैसे ज्याचे त्याला परत करावेत.